कृतज्ञतेचा तगादा

आस्थावान : पाठीच्या कण्याची वक्रता घेऊन वाढणाऱ्या मुलामुलींविषयी बोलताना लोक सहसा त्यांच्या दुःखापासून आरंभ करतात, मला मात्र त्यांच्या कृतज्ञतेपासून आरंभ करावासा वाटतो, कारण त्या दुःखाची कल्पना बाहेरच्या माणसालाही करता येते, पण ही कृतज्ञता जवळून पाहिल्याखेरीज खरी वाटत नाही. वैद्यक ज्याला स्कोलिओसिस म्हणते तो विकार दहा ते सोळा या वयातील १०० मुलांपैकी दोघातिघांत आढळतो, त्यांतल्या बहुसंख्यांच्या बाबतीत त्याचे कारण सापडत नाही, आणि वक्रता जसजशी मोठी तसतसे तिच्यात मुलींचे प्रमाण वाढत जाते. मणके नुसते एका अंगाला झुकत नाहीत, ते स्वतःभोवती पिळलेही जातात. त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या पाठीवर उचलून येतात, एक खांदा वर राहतो, कमरेची एक बाजू खोल दिसू लागते. आणि ज्या वयात माणूस स्वतःच्या देहाकडे प्रथमच दुसऱ्याच्या नजरेने पाहू लागतो, नेमक्या त्याच वयात हे सारे घडते. मग दिवसाचे अठरा-अठरा तास कडक प्लास्टिकच्या ब्रेसमध्ये काढायचे, वैशाखातल्या उकाड्यात आतला सुती बनियन पुनःपुन्हा बदलायचा, वर्गात खाली पडलेली पेन्सिल उचलण्यासाठी कमरेतून न वाकता गुडघे टेकून बसायचे, अशी काही वर्षे ज्या मुलीच्या वाट्याला येतात ती त्यांच्या अखेरीस कडवट होऊन बाहेर पडेल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्यांतल्या कितीतरी मुली अधिक शांत, अधिक समंजस, दुसऱ्याच्या वेदनेविषयी अधिक जागरूक अशा होऊन बाहेर पडतात आणि आपल्याला जे मिळाले त्याबद्दल ऋण व्यक्त करतात. त्यांच्या चिवटपणाच्या मुळाशी ही कृतज्ञताच असावी, असे माझे मत आहे.

साशंक : आपण जे पाहिले ते मी नाकारीत नाही, परंतु ते ज्या परिस्थितीत दिसले तिची थोडी चौकशी व्हायला हवी. या मुलीची हकीकत डॉक्टरांच्या खोलीत सुरू होत नाही. ती पुष्कळदा कपडे शिवणाऱ्या बाईंपाशी सुरू होते, कारण दोन खांद्यांची मापे जुळत नाहीत हे प्रथम त्यांच्या टेपला कळते. किंवा तिच्याही आधी, घरातल्या घरात, पोक काढून बसतेस, ताठ बस, दप्तर एकाच खांद्यावर घेतेस म्हणून असे होते, अशा रोजच्या टोकण्यातून सुरू होते. वस्तुतः दप्तराच्या ओझ्याने किंवा बसण्याच्या सवयीने हा विकार उद्भवत नाही. पण तो ध्यानात येईपर्यंत मुलीवर निष्काळजीपणाचा आरोप शाबीत होऊन गेलेला असतो. पुढे एक्स-रे निघतो, आणि कालपर्यंत जे टोकणे होते त्याची जागा एकाएकी त्याग घेतो : आई नोकरीतून रजा टाकते, वडील फंडातून कर्ज काढतात, पुढे लग्नाच्या वेळी अडचण नको म्हणून ही गोष्ट नातेवाइकांना कळू दिली जात नाही, आणि या सगळ्या खटाटोपाच्या मध्यभागी ती बारा-तेरा वर्षांची मुलगी, आपल्यापायी किती जणांचे किती खर्ची पडते आहे याचा हिशेब मनात मांडीत, पट्टे आवळून घेत उभी असते. जिच्यापाशी परत देण्यासारखे दुसरे काहीच नाही तिच्याकडून कृतज्ञतेचीच वसुली होते. आपण ज्याला समंजसपणा म्हणता त्यात या वसुलीचा अंश किती, हे वजा करून पाहिल्याशिवाय मी त्याला सद्गुण कसे म्हणू? ऑस्ट्रेलियातील स्टेला यंग या अपंग लेखिकेने २०१४ मध्ये सिडनी येथील भाषणात हीच कैफियत मांडली होती, की धडधाकट माणसांना स्फूर्ती मिळावी म्हणून अपंगांचे प्रदर्शन मांडले जाते. माझी भीती त्याहून थोडी निराळी आणि अधिक घरगुती आहे. आपल्याकडे हे प्रदर्शन परक्यांसमोर होण्यापूर्वी स्वतःच्या आईवडिलांसमोर होते.

आस्थावान : ही भीती मी मनापासून मान्य करतो, पण तिच्या आधारे जर आपण असे ठरवले की आजारी मुलाने ‘मी बरा आहे’ म्हटले तर ते खरे मानायचेच नाही, तर त्याच्या तोंडची साक्ष आपण ऐकण्यापूर्वीच बाद केली. गॅरी आल्ब्रेख्ट आणि पॅट्रिक डेव्हलिगर यांनी १९९९ मध्ये गंभीर अपंगत्व असलेल्या माणसांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी आपले जीवन चांगले किंवा उत्तम चालले आहे असे सांगितले. बाहेरून पाहणाऱ्याला हे पटत नाही, पण न पटण्याचा दोष पाहणाऱ्याकडेही असू शकतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांनी २००३ मध्ये स्नायू व मज्जातंतूंच्या विकारांनी पीडित असलेल्या प्रौढांना तीन आठवडे रोज, ज्यांबद्दल आपण ऋणी आहोत अशा गोष्टींची नोंद करायला सांगितले, तेव्हा ज्यांनी अशी नोंद ठेवली नव्हती त्यांच्याहून या लोकांची मनःस्थिती अधिक प्रसन्न आढळली आणि त्यांना झोपही अधिक चांगली लागली. आणि खुद्द कण्याच्या विकाराविषयीच बोलायचे तर, अमेरिकेतील आयोवा येथे १९३२ ते १९४८ या काळात निदान झालेल्या आणि पुढे कोणताही उपचार न घेतलेल्या रुग्णांचा सुमारे पन्नास वर्षांनी शोध घेण्यात आला. त्याचा वृत्तान्त २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यावरून ही माणसे इतरांइतकीच जगली, इतरांसारखीच संसारात आणि कामधंद्यात रमली, असे दिसून आले. वाकलेल्या पाठीचा माणूस मोडतो हा समज इतका दृढ होता की तो मोडला नाही याचा पुरावा मिळवायला अर्धे शतक जावे लागले.

साशंक : त्याच वृत्तान्ताचे दुसरे पानही वाचले पाहिजे. त्या वृद्धांपैकी १०० त ६१ जणांना जुनाट पाठदुखी होती, तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत ती १०० त ३५ जणांना होती. आणि स्वतःच्या दिसण्याविषयीचा असंतोष इतक्या वर्षांनंतरही त्यांच्यापैकी अनेकांत कायम होता. ती माणसे जगली, संसार केले, आणि तरीही आरशासमोर उभे राहिले की त्यांना सलत राहिले. या दोन्ही गोष्टी एकाच देहात खऱ्या होत्या. आपण चिवटपणाचा शोध मुलाच्या मनात घेता. हवाई बेटांतल्या कावाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या सर्व मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशके पाठपुरावा केला, आणि दारिद्र्य, कलह, आजार यांनी घेरलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले तरीही समर्थ प्रौढ झाली असे त्यांना आढळले, हे आपल्याला ठाऊक असेलच. पण ती कशी झाली? त्यांच्याभोवती निदान एक तरी माणूस असा होता, आजी म्हणा, शिक्षक म्हणा, शेजारीण म्हणा, की जो त्यांच्या पाठीशी टिकून होता. म्हणजे ज्याला आपण त्या मुलाचे धैर्य म्हणून गौरवतो त्याचा मोठा भाग हा त्याच्या भोवतीच्या बंदोबस्ताचा असतो. ज्या मुलीला असे माणूस मिळाले नाही, जिच्या गावापासून अस्थिरोगतज्ज्ञ दीडशे किलोमीटरवर आहे आणि म्हणून जिची वक्रता ३० अंशांवर असताना कोणी पाहिली नाही, ७० वर गेल्यावर पाहिली, तिच्यात धैर्य कमी होते असा निकाल आपण देणार काय?

परंतु माझी मुख्य अडचण पुढेच आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रेसविषयीची मोठी चाचणी घ्या, जी अमेरिका आणि कॅनडातील रुग्णालयांत स्ट्युअर्ट वाइनस्टीन यांच्या नेतृत्वाखाली झाली. ब्रेस घालणाऱ्या १०० पैकी ७२ मुलांची वक्रता, हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यापर्यंत म्हणजे ५० अंशांपर्यंत गेली नाही. आणि जे दिवसाला सुमारे तेरा तासांहून अधिक ब्रेस घालीत होते, त्यांच्यात हे यश ९० च्या वर गेले. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ब्रेसची उपयुक्तता तिने निर्विवाद सिद्ध केली. पण याच चाचणीत, ब्रेस न घालता ज्यांच्यावर केवळ लक्ष ठेवले होते, त्यांच्यापैकीही १०० त ४८ जणांची वक्रता त्या उंबरठ्यापर्यंत पोचली नाही. आता एका मुलीचा विचार करा. तिने तीन उन्हाळे सोसले, खेळाच्या तासाला बाजूला बसून राहिली, सहलीला गेली नाही, आणि सोळाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले की वक्रता ३२ अंशांवर थांबली आहे. ती ब्रेसमुळे थांबली की ती थांबणारच होती? समुदायाविषयी शास्त्र उत्तर देते. तिच्याविषयी कोणीही, कधीही देऊ शकत नाही. तिने कशाबद्दल कृतज्ञ असावे? आणि तिच्याच शेजारी बसलेली दुसरी मुलगी, जिने एक तासही चुकवला नाही, जिच्या ब्रेसमधल्या उष्णतामापकाने तिची साक्ष दिली, आणि तरीही जिची वक्रता ५२ वर गेली, तिला आपली ही चिवटपणाची कथा काय देते? जी कथा पहिलीला बक्षीस देते तीच दुसरीवर ठपका ठेवते, मग सांगणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

आस्थावान : या प्रश्नाने मला बराच काळ अस्वस्थ केले आहे, म्हणून त्याला घाईने उत्तर देत नाही. कृतज्ञता ही मिळालेल्या फळाची पोच असेल, तर दुसऱ्या मुलीकडून ती मागण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि पहिलीचीही संशयास्पद ठरते. पण मी जी पाहिली ती फळाकडे पाठ करून उभी होती. तिचे तोंड माणसांकडे होते. विल्यम ॲडम्स यांनी १८६५ मध्ये लंडनमध्ये सांगून ठेवले की रुग्णाला पुढे वाकवून पाहा म्हणजे पिळलेल्या बरगड्या उघड होतील; आजही शाळेतल्या तपासणीत मुलांना तसेच वाकायला सांगतात. जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये कोन मोजण्याची रीत घालून दिली. मिलवॉकीत वॉल्टर ब्लाउंट आणि आल्बर्ट श्मिट यांनी चाळीसच्या दशकात हनुवटीपासून कमरेपर्यंत जाणारा ब्रेस तयार केला. ह्यूस्टनमध्ये पोलिओने ढासळत चाललेले मुलांचे कणे पाहून पॉल हॅरिंग्टन यांनी कण्याला आतून आधार देणारी पोलादी सळई शोधली आणि १९६२ मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. या नावांच्या मागे त्या मुलांचा मोठा जमाव आहे, ज्यांची नावे कोणत्याही दप्तरात राहिली नाहीत, जी महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये पडून होती, आणि ज्यांच्या देहांवर या विद्येने आपली पहिली अक्षरे गिरवली. आपण ज्या ४८ जणांचा उल्लेख केला त्यांच्या उरलेल्या ५२ सोबत्यांचाही विचार करा : ब्रेसविना राहायला जी मुले तयार झाली आणि ज्यांची वक्रता वाढत गेली, त्यांच्यामुळेच आज आपल्याला निश्चयाने म्हणता येते की ब्रेस उपयोगी आहे. हे कळलेली एक मुलगी जेव्हा म्हणते की माझ्या आधीच्यांचे माझ्यावर ऋण आहे, तेव्हा तिच्याकडून कोणी काही वसूल करीत नसते. ऋणको तिला ठाऊक आहे, धनको कोण हे तिला कधीच कळणार नाही, आणि तरीही ती ते ऋण मानते.

आणखी एक सांगतो. मज्जारज्जूतले विद्युत्‌संकेत शस्त्रक्रिया चालू असताना मोजण्याची साधने सर्वत्र पोचण्यापूर्वी एक परीक्षा घेतली जात असे, जी फ्रान्समधल्या लियों शहरात व्होझेल, स्टॅनियारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. कणा सळईने ताणल्यावर मज्जारज्जूला इजा झाली नाही ना हे पाहण्यासाठी रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मध्येच, पाठ उघडी असताना, थोडे शुद्धीवर आणायचे आणि सांगायचे : हात आवळ, आता पाय हलव. आदल्या दिवशी त्या मुलाला हे समजावून सांगितलेले असे. तो पाय हलवीत असे, पुन्हा झोपी जात असे, आणि काम पुढे चाले. त्या क्षणी त्याने परक्या माणसांवर जो विश्वास टाकलेला असे, तो निकालाच्या आधीचा असे. मला वाटते, या मुलांची कृतज्ञता त्याच विश्वासाचे उत्तररूप आहे.

साशंक : आपण कृतज्ञतेला फळापासून सोडवलेत, हे मला पटले. तरी समाज तिला इतक्या सहजी सोडवत नाही. आपल्याच कथा पाहा. मथुरेतल्या कुब्जेची कथा सर्वांना प्रिय आहे, पण ती कशामुळे? श्रीकृष्णाने तिच्या पावलांवर आपले पाऊल दाबून, दोन बोटांनी हनुवटी उचलून तिला सरळ केले म्हणून. महाभारताच्या वनपर्वातला अष्टावक्र जनकाच्या यज्ञात बंदी नावाच्या पंडिताला वादात जिंकतो, परंतु कथा तेथे थांबायला तयार नाही. समंगा नदीत स्नान करवून त्याचे अवयव सरळ करते आणि मगच त्याला निरोप देते. पश्चिमेकडे इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाच्या पाठीवर नाटककारांनी कुबड चढवले, म्हणजे वाकड्या मनाला वाकडा देह मिळाला; २०१२ मध्ये लेस्टर येथे त्याचा सांगाडा सापडला तेव्हा तपासणाऱ्यांना कुबड दिसले नाही, पौगंडावस्थेत सुरू झालेली कण्याची बाजूकडची वक्रता दिसली, जी अंगरख्याखाली झाकली गेली असती. २०१८ साली ब्रिटिश राजघराण्यातल्या युजिनी यांनी विवाहाच्या वेळी पाठ उघडी राहील असा पोशाख मुद्दाम निवडला आणि वयाच्या बाराव्या वर्षी झालेल्या शस्त्रक्रियेचा व्रण जगाला दाखवला. ते कृत्य धैर्याचे होते, त्यात उपचार करणाऱ्यांविषयीचा आदर होता, आणि अनेक मुलींना त्याने बळ दिले असेल, यात मला शंका नाही. पण ती पाठ सरळ केलेली होती. ब्रेस कणा सरळ करीत नाही, तो वक्रता वाढू देत नाही, एवढेच त्याचे काम. म्हणजे ब्रेस घालणारी बहुसंख्य मुले २५, ३०, ४० अंशांची वक्रता आयुष्यभर बाळगणार आहेत. ज्यांचा खांदा वरच राहणार आहे आणि ज्यांच्यासाठी कोणतीही समंगा वाहत नाही, अशांची कृतज्ञता ऐकून घ्यायला आपल्यापाशी कथा नाहीत.

आस्थावान : कथा आहेत, आपण त्यांचा शेवट लक्षात ठेवतो, एवढेच. कुब्जेने श्रीकृष्णाला चंदनाची उटी दिली ती वाकलेली असताना, आपण सरळ होऊ याची तिळमात्र कल्पना नसताना. ती कंसाच्या पदरी चाकरीला होती, उटी कंसाची होती, आणि रस्त्यात भेटलेल्या दोन मुलांना ती देणे हा तिचा अपराध ठरू शकला असता. सरळ झाल्यानंतरचे तिचे ऋण सर्वांना आठवते. त्याआधीचे तिचे देणे मला अधिक मोलाचे वाटते. अष्टावक्रानेही वाद जिंकला तो समंगेच्या आधी. आपल्या आक्षेपांमुळे मला एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसू लागली आहे, की विकाराबद्दल कृतज्ञ असणे आणि विकारासह जगताना कृतज्ञ असणे या दोन गोष्टी मी एकत्र बोलत होतो. निकोलास आंद्री यांनी १७४१ मध्ये आपल्या ग्रंथात खुंटाला दोराने बांधलेल्या वाकड्या झाडाचे चित्र दिले, जे आजही अस्थिरोगतज्ज्ञांचे चिन्ह आहे; त्या झाडाने दोराचे उपकार मानावेत असे मी म्हणणार नाही. तरीही माझी एक सूचना आहे. ज्या मुलींनी ब्रेसची वर्षे पार केली आहेत त्यांपैकी एखादीला, ज्या दिवशी नव्या मुलीच्या ब्रेसचे माप घेतात त्या दिवशी, तिच्याशेजारी बसू द्यावे. कपडे कसे शिवायचे, कातडी लाल झाली तर काय करायचे, मैत्रिणींना काय सांगायचे, आणि आपल्याला कोणी हात दिला, एवढे तिने आपल्या शब्दांत सांगावे. कावाईतल्या त्या एका माणसाची जागा थोड्या वेळापुरती तरी ती घेऊ शकेल.

साशंक : सूचना चांगली आहे, आणि तिच्यातला धोकाही आपल्याला दिसत असेल. आपण दुसऱ्यांचा आधार म्हणून बसवले गेलो आहोत हे कळताच ती थोरली मुलगी आपली तक्रार गिळून टाकील. तिचा राग, तिची शरम, ब्रेस काढून पलंगाखाली लपवलेल्या रात्री, हे सगळे तिच्या बोलण्यातून गाळले जाईल, आणि तिच्याकडून आभाराचा मुचलका लिहून घेतल्यासारखे होईल. यासाठी माझी अट अशी की तिच्याबरोबर ती दुसरीही आली पाहिजे, जिने सर्व तास पाळले आणि तरी जिला शस्त्रक्रिया करावी लागली. दोघींचे ऐकूनच नव्या मुलीने आपले मत बनवावे.

आस्थावान : ती यावी असे मलाही वाटते, पण पहिल्याच दिवशी? ब्रेसचे यश तासांवर अवलंबून आहे हे आपणच सांगितले, आणि तास पाळण्यासाठी आशा लागते. बारा वर्षांच्या मुलीला मापाच्या दिवशीच कळले की सर्व काही करूनही हरता येते, तर ती तास कमी करील, आणि मग खरोखरच हरेल. आपल्या सत्याची किंमत तिच्या कण्याला मोजावी लागेल.

साशंक : आणि सोळाव्या वर्षी तिला कळले की तिच्यापुढे फक्त निवडक साक्षीदार उभे केले होते, तर तिचा कोणावर विश्वास राहील? त्या लियोंच्या मुलांना आदल्या दिवशी सगळे सांगितले होते, म्हणूनच पाठ उघडी असतानाही त्यांनी पाय हलवला.

आस्थावान : मग किती दिवसांनी सांगावे, आणि तो दिवस कोणी ठरवावा?

साशंक : तिने. कण्याविषयी दोन प्रकारच्या हकीकती आहेत, दुसरी तुला केव्हा ऐकायची, असे तिला विचारता येते. अजून नको म्हणाली तर थांबावे. पण ती हो म्हणाली आणि शेजारी बसलेल्या तिच्या आईने मान हलवून नको म्हटले, तर कोणाचे ऐकावे, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.